भावजींचा आवाज

आमचे केसरीनाथ भावजी कुणाच्या कानात काही सांगायला लागले की शेजारच्या घरातला माणूस दार उघडून बाहेर येतो. माझ्या लग्नाच्या बोलणीच्या वेळी त्यांनी ताईच्या कानात नवऱ्या मुलाच्या टकलाबद्दल जे काही सांगितलं, ते सगळ्या बैठकीनं ऐकलं. लग्न झालं, ते जाऊ दे. पण त्यांचा फोन आला की मी अजूनही तो हातभर लांब धरते.

खरं तर दोष त्यांचा नाही. आमच्या राहनाळच्या या माणसाची उमेदीची सगळी वर्षं भिवंडीत, कापड विणणाऱ्या लूमच्या खटखटाटात गेली. स्वतःचा छोटा कारखाना होता, आणि माझी सुकन्याताई तिथं कोपऱ्यात बसून सुताच्या कांड्या भरायची. लूम चालू असताना तोंडानं बोलून काही उपयोग नसतो, म्हणून सगळे हातांनी बोलतात. दोन बोटं फाकवली की धागा तुटला. बोट हवेत गोल फिरवलं की मधून येऊ नको, मागून वळसा घालून ये. आणि पंजा डोक्यावर ठेवला की धोटा उडालाय, खाली बस. आडवा धागा नेणारा हा टोकदार लाकडी धोटा लूममधून सुटला की सरळ तोंडावर येतो. तिथं का आणि कशाला विचारायचं नसतं, आधी बसायचं. ताई-भावजींचा निम्मा संसार असा हातांनीच झाला, भांडणं धरून. बाहेर आल्यावर भावजी तोंडानं बोलायचे, पण लूम थांबलेत हे त्यांच्या गळ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे कारखाना बंद झाला, लूम भंगारात गेले आणि जागा गोडाऊनला दिली. रिकामपणात भावजींना लहानपणीचं पक्ष्यांचं वेड परत लागलं. त्यांनी दोन दुर्बिणी आणल्या. ताईनं तिच्या दुर्बिणीतून आधी समोरच्या गोडाऊनचा वॉचमन झोपलाय का ते बघितलं. मग एकदा कशेळीच्या खाडीवर खंड्याला मासा धरताना पाहिलं आणि तीही कामातून गेली.

दोघं ठाण्याच्या एका पक्षीवाल्या ग्रुपबरोबर जाऊ लागले. तिथं भावजी "तो बघ" म्हणायचे आणि बघायला काही शिल्लक राहायचं नाही. शेवटी ग्रुपमधल्या एका बाईंनी ताईला बाजूला घेतलं आणि पुढच्या वेळी मिस्टरांना घरीच ठेवा, असं फार गोड शब्दांत सांगितलं. ताईनं हे घरी सांगितलं नाही, पण भावजींना कळलंच. दुर्बीण कपाटात गेली. भावजी दारात खुर्ची टाकून गप्प बसायला लागले, जेवतानासुद्धा एक शब्द नाही. त्या बाईंचा मला अजून राग आहे. भावजींच्या आवाजाला नावं ठेवायची तर आम्ही घरच्यांनी.

ताई मात्र हिंमतीची. तिनं ठरवलं, उत्तरेच्या जंगलात जायचं, आपली गाडी आणि आपण दोघंच, टोकणारं कुणी नको. रामनगरच्या पुढे कोसी नदीच्या पात्रात थंडीत आयबिसबिल नावाचा पक्षी येतो, असं तिनं शोधून काढलं होतं. राखाडी पक्षी, राखाडी गोट्यांत बसणारा, चोच तेवढी लाल आणि विळ्यासारखी वाकडी. तो दिसला की यांची कळी खुलेल, अशी तिची आशा. आणि तिथंही यांनी तोंड उघडलं तर हा माणूस पुन्हा दुर्बिणीला हात लावणार नाही, ही भीती. म्हणून निघतानाच तिनं अट घातली, जंगलात तोंडानं एक शब्द नाही, जे काही सांगायचं ते हातानं. भावजी कबूल झाले. गुजरातची हद्द यायच्या आत अट मोडतील, असं मी म्हटलं होतं.

मोडले ते राजस्थानात. भरतपूरला पाण्याच्या कडेला सारसांची जोडी उभी होती, आणि भावजींना राहवलं नाही. सारस गेले. त्यापेक्षा वाईट म्हणजे भावजी म्हणाले, चल, परत फिरू. तिनं गाडी फिरवू दिली नाही.

कोसीवर पोचले ती सकाळ होती. नदीवर अजून धुकं होतं. भावजींचे गुडघे उतार मानत नाहीत, म्हणून ते रस्त्यावर गाडीपाशी थांबले आणि ताई एकटी खाली गोट्यांपर्यंत गेली. दुर्बीण लावून ती एकेक गोटा बघत होती आणि त्यातला एक गोटा चालायला लागला. लाल चोचीचा. ती आनंदानं मागे वळली, यांना खुणेनं सांगायला. तर भावजी पंजा डोक्यावर ठेवून उभे.

ताई बसली. जंगलात कसला धोटा, असं काही तिच्या मनात आलं नाही. झुडपाआड बसल्यावर तिनं बघितलं, तर तिच्या आणि रस्त्याच्या मधे एकटा सुळेवाला हत्ती उतरत होता. भावजी ओरडले असते तर तो बिथरला असता, आणि ताईला पळायला पुढे फक्त नदी होती. हत्ती थांबला, कान हलवत उभा राहिला. रस्त्यावर भावजींचा हात डोक्यावरून हलला नाही आणि तोंडातून श्वाससुद्धा ऐकू आला नाही. बऱ्याच वेळानं हत्ती पाण्याकडे वळला, तसं त्यांचं बोट हवेत गोल फिरलं. ताई वाकून, मोठ्या दगडांच्या मागून वळसा घालत वर आली आणि गाडीत बसली.

भावजींनी गाडी थेट एका चहाच्या टपरीवर नेऊन थांबवली. पण त्यांचं तोंड बंद ते बंदच. ताई हत्तीला घाबरली नव्हती तेवढी याला घाबरली. तिनं तिथूनच मला फोन लावला, आणि मला सगळं सांगून झाल्यावर मधेच त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अवो, बोला ना आता. मोठ्यानी बोला. मना तुमचा आवाज ऐकायचाय."

आणि तो आवाज आला. टपरीमागच्या झाडावरचे सगळे पोपट उडाले, असं ताईनं मागाहून सांगितलं.

"वैशाली, तुझी ताई वाचली गं. हत्ती आलता. पन मी एक शबूद काढला न्हाय. एक शबूद न्हाय."

ते पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, रडत होते, आणि इकडे राहनाळमध्ये माझ्या शेजारणी दार उघडून बाहेर आल्या होत्या. मी फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरून ठेवला.