राहीबाईच्या सयाजीचा झोका

तर काल आपण थांबलो ते कोरेगावच्या लिंबाखाली, सुभेदार हंबीररावांचा फेटा उडाला तिथं. सेहेचाळीस सालची पंचमी. भामाबाई माहेरी आलेली, फांदीला बांधलेल्या झोक्यावर उभी. आणि तिचा भाऊ सयाजी, कलकत्त्याच्या प्रयोगशाळेतून रजेवर आलेला, चक्क बायकांच्या घोळक्यात झोका देत होता!

"पंचमीला लोकांच्या लेकी येत्यात, राहीबाईचा ल्योक आला!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

राहीबाई हसत नव्हती. तिचा थोरला मुलगा अर्जुना ब्रह्मदेशच्या लढाईत मारला गेला होता, आणि सकाळीच हंबीररावांनी तिला सांगितलं होतं, "आक्का, जपानवर पडला त्यो बॉम्ब सयाजीचा हाय तसल्याच कारखान्यात झाला." तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, सयाजीला परत धाडायचं नाही.

सयाजीनं वाद घातला नाही. "मामा, द्या बरं झोका," म्हणाला. सुभेदारांनी पलटणीचा सगळा जोर काढला, पण झोका मागं येत असतानाच हाणला. पाट आला तो फेटाच घेऊन गेला!

"जोर नगं, मामा. येळ साधा." झोका पार मागं येऊन थबकला की सयाजी नुसता हात लावायचा. हात लावता लावता भामाबाई लिंबाच्या वरच्या पाल्याला जाऊन भिडली.

"आये, आमचं यंत्र हेच. धुळीपरीस लय बारका कन पितळी डब्यात गोल फिरवायचा. लोहचुंबक त्याला वळवतंय, आन् दर फेऱ्याला येळ साधून इजेचा हलका झोका द्यायचा."

सांगलीच्या कॉलेजात हातानं भाकरी थापून शिकलेलं हे पोरगं! त्या डब्यात हवा शिरू नये म्हणून महिनोन्महिने फटी हुडकत बसलं. असलं यंत्र उभारणारे त्या वक्ताला देशात बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातला एक आमच्या कोरेगावचा.

राहीबाई उठली. दर पंचमीला ओरडायची तसं "व्हा बाजूला गं पोरींनो!" म्हणून, झोक्याखाली कुणी नाही ना बघून, तिनं स्वतः झोका दिला. मग विचारलं, "आन् त्यो कन सुटला, मंजी कुनाच्या दारात पडतो?"

सयाजी म्हणाला, "आमच्या डब्यातनं बॉम्ब न्हाई हुत, आये. औषधं हुतील. पर ही इद्या फुडं कुनाच्या हातात जाईल, ते मी कसं सांगू?"

राहीबाईला आठवलं, अर्जुना लढाईला जाताना म्हणाला होता, "मला काय बी हुत न्हाई." हा निदान खोटं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टेसनावर तिनंच भाकरीचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. गाडी हलायच्या आत म्हणाली, "गाव इचारल, सयाजी तितं काय करतोय. काय सांगू रं?"

सयाजी खिडकीतून वाकला. "सांग, तुजा ल्योक झोका देतुया. आन् झोका द्यायच्या आदी खाली कोन हुबं हाय ते बगतुया, तू बगतीस तसं."