ज्येष्ठातला बुधवार

आमच्या घरी वर्षातून एकदा दूध मुद्दाम उतू घालवतात. माघात, वास्तूच्या वाढदिवसाला. ही पद्धत माझ्या सुनेची. बदलापूरच्या मांजर्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात वास्तुशांतीच्या दिवशी ज्यात पहिलं दूध तापलं, ते कल्हईचं छोटं पितळी पातेलं ती माळ्यावरून काढते, चिंचेने घासते आणि गॅसवर ठेवते. मुलगा, सून आणि चार वर्षांची नात ओट्याभोवती उभी राहतात. मी स्वयंपाकघराच्या दाराशी असतो. दूध कडेवरून सांडलं की नात टाळ्या वाजवते, आणि सून ओढणीला हात पुसत म्हणते, "माझ्या हट्टापायी माझ्या आईचं हे घर बघायचं राहिलं."

मुलगा म्हणतो, "अगं, योग नव्हता त्यांचा."

ही दोघं हे दरवर्षी म्हणतात. दरवर्षी मी ते ऐकून घेतो. योग होता, आणि हट्टही तिचा नव्हता. काय घडलं ते मी इथे लिहितो आहे.

मी अंबरनाथला एका कारखान्यात तपासनीस होतो. तयार झालेला भाग मोजायचा, केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढायचा, हे काम तीस वर्षं केलं. घरात पंचांगही मीच बघायचो. वडिलांकडून थोडं शिकलो होतो. नात्यातलं कोणीही साखरपुड्याला, बारशाला तारीख विचारायला फोन करी. मी सांगितलेली तारीख दुसरीकडे पडताळून बघावी असं कोणाला वाटत नसे.

मुलाचं लग्न झालं तेव्हा माझी पत्नी जाऊन दीड वर्ष झालं होतं. सून आली आणि अंबरनाथच्या आमच्या जुन्या जागेत पुन्हा आवाज आला. ती उल्हासनगरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करायची. लग्न सात तारखेचं, म्हणून दर महिन्याच्या सात तारखेला दोघांचा सण. सण म्हणजे काय, येताना ती सिंधी दुकानातून दाल-पकवान आणायची, नाहीतर गुलाबजाम. एकदा नुसता मोगऱ्याचा गजरा होता. मुलगा म्हणायचा, "महिन्याला कोण वाढदिवस करतं? लोक हसतील." ती म्हणायची, "लोकांना बोलावलंय कोणी? तू खा." खायचं काहीही आणलं तरी ती तीन आणायची. तिसरं माझं.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात त्यांना मांजर्लीतल्या घराची किल्ली मिळाली. नोंदणी लग्नाआधीच झाली होती, तेव्हा ते मला लांबचं वाटलं होतं. आता किल्ली जेवणाच्या टेबलावर होती.

"बाबा, तुमची खोली नदीच्या बाजूला," सून म्हणाली.

मी म्हणालो, "तिकडे पावसात पाणी भरतं."

"तिसऱ्या मजल्यावर पाणी आलं तर अख्खं बदलापूर वाहून गेलेलं असेल," मुलगा म्हणाला. दोघं हसली.

मला हसू आलं नाही. पत्नीची भांडी, तिची खिडकी, तिचा देव्हारा सोडून मी जाऊ शकणार नाही असं वाटायचं. आणि ही दोघं गेली तर मी त्या जागेत एकटा दिवसभर काय करणार, हा विचार सुटायचा नाही. "नका जाऊ" असं सांगायची लाज वाटत होती. त्यांनी मात्र साधा प्रश्न विचारला, "बाबा, वास्तूला मुहूर्त कधीचा?"

पावसाळ्याआधीचा एकच दिवस जमण्यासारखा होता. ज्येष्ठातला बुधवार, सकाळी नऊ ते साडेअकरा. मुलाची रास मेष, त्या दिवशी चंद्र तुळेत, म्हणजे त्याच्या राशीपासून सातवा. सातवा चंद्र चांगला, आठवा टाळायचा. मी पंचांगावर बोट ठेवलं, पुन्हा एकदा मोजलं आणि म्हणालो, "चंद्र आठवा येतो. नको."

एका घराचा फरक. कारखान्यात एवढ्या फरकाने मी अख्खा माल परत पाठवला असता.

मुलगा म्हणाला, "आपण असेच राहायला जाऊ, वास्तू नंतर बघू."

सून म्हणाली, "नाही हं. बाबा सांगतायत तर थांबू. दूध उतू गेल्याशिवाय मी तिथे चहासुद्धा करणार नाही."

हाच तो तिचा हट्ट. तो तिने माझ्या शब्दावर केला होता. पुढे आषाढ, मग चातुर्मास. आमच्यात चातुर्मासात वास्तू करत नाहीत, तेवढं तरी खरं होतं.

ते घर मग बंदच राहिलं. दर रविवारी दोघं सकाळी तिथे "हवा द्यायला" जायची. वर्तमानपत्र पसरून गार पोळीभाजी खायची आणि दुपारी परत यायची. लग्नाचा पहिला वाढदिवसही त्यांनी त्या रिकाम्या खोलीत थर्मासमधल्या चहावर केला. मी एकदा बरोबर गेलो होतो. तुळस कुठे, पोळपाट कुठे, नदी दिसेल अशी माझी खुर्ची कुठे, सगळीकडे तिने खडूने खुणा केल्या होत्या. खुर्चीच्या चार पायांच्या चार फुल्या पाहून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो.

विहीणबाई वांगणीच्या. घरची भातशेती, नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी. मुलीच्या नव्या घरात पहिलं दूध आपल्या हातच्या पातेल्यात तापावं म्हणून त्यांनी ते पितळी पातेलं कल्हई करून ठेवलं होतं. श्रावणात त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं. तपासणीहून परतताना सून त्यांना मांजर्लीत घेऊन आली. आम्हा बापलेकांनाही तिने बोलावून घेतलं होतं.

विहीणबाई गेटच्या आत आल्या आणि झाडाखालच्या बाकावर बसल्या.

"आई, लिफ्ट आहे. नुसतं बघून ये," सून म्हणाली.

"वास्तू झाल्याबिगर मी उंबऱ्यात पाय नाय ठेवनार. तू जा वर, मना हात दाखव. मी इथूनशी बघते."

दोघं वर गेली. मी खाली त्यांच्याजवळ थांबलो. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून सून दोन्ही हात हलवत ओरडली, "आई, इथे तुझी तुळस!" विहीणबाईंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"दादा, तुमच्यावर हाय सगला भार. लवकरचा चांगला दिस काढा."

मी म्हणालो, "काढतो."

खरं सांगायची ती वेळ होती. "विहीणबाई, चांगला दिवस येऊन गेला, मी लपवला, चला वर," एवढंच बोलायचं होतं. त्या रागावल्या असत्या, कदाचित आल्याही असत्या. पण वरून दोघं हसत हात हलवत होती. माझं पंचांग, माझा शब्द, माझा मान, सगळं त्या बाकावरच संपेल अशी भीती वाटली. मी त्यांना पाण्याची बाटली उघडून दिली.

दिवाळीनंतर आठवड्याच्या आत त्या गेल्या.

वास्तुशांती माघात झाली. बदलापूर गावातले गुरुजी आले होते. होम पेटवता पेटवता ते सहज म्हणाले, "एवढे कशाला थांबलात? गेल्या ज्येष्ठात एक बुधवार सुरेख होता."

"चंद्र आठवा होता ना त्या दिवशी," मुलगा म्हणाला.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली पळी ताम्हनात पडली. धूर डोळ्यांत गेल्यासारखं करून मी उठलो. मागून गुरुजींचा आवाज आला, "असेल, असेल. हं, तूप घ्या." पुढचे कित्येक महिने गुरुजी रस्त्यात दिसले की मी भाजीच्या गाडीआड व्हायचो.

मी ज्याला भीत होतो तसं काही झालंच नाही. मुलाने आणि सुनेने मला एक दिवसही एकटं ठेवलं नाही. माघातच मी त्यांच्याबरोबर इथे आलो. देव्हारा आला, पत्नीची भांडी आली. माझी खुर्ची त्या चार फुल्यांवर आहे. सात तारखेला अजूनही माझ्या हातात तिसरी वाटी येते.

यंदाच्या माघात दूध वर यायला लागलं तेव्हा नातीने विचारलं, "वांगणीची आजी का नाही आली इथे?"

सून खाली वाकली. "कारण तुझ्या आईने हट्ट केला, राणी. मुहूर्ताशिवाय यायचं नाही म्हणाली."

स्वतःशी बोलत होती तोवर मी सोसलं होतं. आता ती ते मुलीला शिकवत होती. मी दाराची चौकट धरली आणि म्हणालो, "मुहूर्त होता. चंद्र सातवा होता. मी आठवा सांगितला. तुम्ही जाऊ नये म्हणून."

सुनेने गॅस बंद केला. वर आलेलं दूध पातेल्यात परत खाली बसलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, काय बोलताय?" मी सगळं पुन्हा सांगितलं, बाकावरचंही. नात एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत राहिली.

सुनेने विचारलं, "कोणता दिवस होता?"

"ज्येष्ठातला बुधवार. सकाळी नऊ ते साडेअकरा."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "मला नाइट होती आदल्या दिवशी. मी घरी होते. आई जांभळं घेऊन आली होती अंबरनाथला. नऊच्या आधीच आली होती."

मला ते आठवत होतं. टोपलीवर केळीचं पान होतं. विहीणबाई दुपारपर्यंत आमच्याकडे बसल्या होत्या, आणि मीठ लावून जांभळं मी खाल्ली होती. तेव्हा माझी नजर दोनदा घड्याळाकडे गेली होती, हे मी तिला सांगितलं नाही. इथे लिहितो.

संध्याकाळी तिने माझं ताट वाढलं, नेहमीच्या जागी ठेवलं आणि ती आत गेली. आठ दिवसांनी नातीची शंभर पानी वही आणि पेन माझ्या खुर्चीवर ठेवलं.

"लिहून ठेवा," ती म्हणाली. "वारासकट, वेळेसकट. ती मोठी झाली की वाचेल. मी सांगायला गेले तर रागाने सांगेन. आणि पुढच्या माघात या घरात कोणी 'योग नव्हता' म्हणायचं नाही."

"तू काय म्हणशील?" मी विचारलं.

"ते मला अजून माहीत नाही, बाबा."

पातेलं तिने घासून माळ्यावर ठेवलेलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात तसंच आहे, आत दुधाची सुकलेली कड. मी रोज सकाळी पाणी प्यायला जातो तेव्हा ते बघतो. त्याला हात लावत नाही.