भाऊंनी दिलेले चौसष्ट मार्क

भाऊंना मी फसवलं होतं.

निदान आज सकाळपर्यंत तरी मला तसंच वाटत होतं.

मुकुंदभाऊ, मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगमधले, माझ्या वरच्या मजल्यावरचे. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनला केमिस्ट होते. तीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासलं. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून व्हिस्की तपासायला लागले. पार्टनर मी. माझं टाइल्सचं दुकान आहे, त्यामुळे माझ्या जिभेकडून त्यांची फार अपेक्षा नव्हती.

वेळ रविवारी सकाळी अकराची. जेवणाआधी जीभ कोरी असते म्हणे. आदल्या दिवशी झणझणीत सावजी जेवण बंद. दोन-दोन घोट, ड्रॉपरने पाणी, वहीत शंभरपैकी मार्क. वहिनी म्हणायच्या, इतक्या शिस्तीत पिणारे बेवडे मी जन्मात पाहिले नाहीत.

आणि याच माणसानं पोटच्या पोरीशी सव्वा वर्ष बोलणं टाकलं होतं.

कारण पल्लवीनं अमेरिकेतली औषध कंपनीची नोकरी सोडून एका छोट्या डिस्टिलरीत काम धरलं.

मी एकदा भीत भीत म्हटलं, भाऊ, आपणही घेतोच ना.

"पिणं वेगळं गा, गाळणं वेगळं."

विषय बंद. हे लॉजिक मला तेव्हाही कळलं नाही, आजही नाही.

मग गेल्या हिवाळ्यात पल्लवीनं ओळखीच्या कोणाबरोबर माझ्याकडे एक बाटली पाठवली. अमेरिकन सिंगल माल्ट, तिनं स्वतः निवडलेल्या पहिल्या पिंपातली. कास्क स्ट्रेंथ. म्हणजे पिंपातून काढली तशीच, पाणी न घालता भरलेली. साठ टक्के. नेहमीची असते चाळीस-बेचाळीस.

सोबत मेसेज. काका, बाबांना नाव न सांगता द्या. पंच्याहत्तरच्या खाली आले तर मी हे काम सोडते.

मी किचनमध्ये तीन ग्लास भरले. एक आणि तीन नंबरला नेहमीच्या व्हिस्क्या, दोन नंबरला पल्लवीची. नाव झाकलं की सगळं झाकलं, असा माझा समज.

भाऊंनी दोन नंबरचा ग्लास खिडकीच्या उजेडात बराच वेळ धरला. पाणी टाकलं. परत धरला.

मग वहीत लिहिलं. पहिला सत्तर, दुसरा चौसष्ट, तिसरा एक्क्याऐंशी.

दुसऱ्यापुढे शेरा: लाकूड पुढे, धान्य मागे. घाई. म्हणजे पिंपाच्या लाकडाची चव धान्याच्या चवीवर चढलेली.

चौसष्ट, म्हणजे पंच्याहत्तरच्या खाली. आणि मी बोलून गेलो, "भाऊ, ती तीन नंबरची पल्लवीनं केलेली आहे."

एवढ्यावर थांबायचं ना. नाही. बाटली आणून दाखवली, कास्क स्ट्रेंथ, साठ टक्के, सगळं मोठ्यानं वाचलं. अतिशहाणा.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन नंबरच्या ग्लासात होतं ते संपवलं. मला वाटलं, वाया जाऊ नये म्हणून असेल.

मग फोन उचलला. तिकडे किती वाजले असतील याचा विचारही केला नाही.

"पल्लवी, झोपली होती का वं?"

सव्वा वर्षानंतरचं पहिलं वाक्य. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

"नितीन एक्क्याऐंशी म्हणून राहिला," भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले. "पण लाकडाची घाई नको करू. धान्याले बोलू दे जरा."

अर्धा तास बोलले दोघं.

तीन आठवड्यांनी भाऊ गेले. हार्ट. पल्लवी आली, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, बाबांनी मला एक्क्याऐंशी दिले. मी शेजारी बसून मान डोलावत होतो. ती परत गेली ते त्याच कामावर. माझ्या थापेवर पोरीनं आयुष्य रचलं, हे वर्षभर मनात कुरतडत राहिलं.

परवा तिची दुसरी बाटली आली. काका, बाबा म्हणाले तसं लाकूड कमी केलं. आता मार्क तुम्ही द्या. खरे.

म्हणून आज अकराला एकटाच बसलो. तुलना करायला जुन्या बाटलीतली तळाची थोडी ओतली आणि ड्रॉपरने पाणी टाकलं.

ती ढगाळली. बघता बघता गढूळ झाली. नेहमीच्या, आधीच पाणी घातलेल्या व्हिस्कीचं असं होत नाही. वास घेतला तर नाक झणझणलं.

हे मला कळलं. टाइल्सवाल्याला. मग ज्यानं तीस वर्षं पाण्यात काय मिसळलंय एवढंच पाहिलं, त्याला कळलं नसेल?

वर जाऊन वहिनींकडून वही मागितली. तीन नंबरपुढे लिहिलंय, काही खोट नाही. मग फोनवर लाकडाचं जे सांगितलं ते कोणत्या ग्लासाचं?

म्हणजे मी कास्क स्ट्रेंथ म्हटलं त्याच क्षणी भाऊंना कळलं होतं की मी खोटं बोलतोय, आणि पोरीचा ग्लास कोणता तेही.

आणि ते स्वतः खोटं बोललेच नाहीत. एक्क्याऐंशी नितीन म्हणून राहिला होता. सल्ला मात्र त्यांचा, खराखुरा.

मग मला टोकलं का नाही? माझी लाज राखली? की पोरीचं मन? की फोन करायला निमित्तच शोधत होते? सकाळपासून डोकं चालत नाहीये.

वहिनींना विचारलं.

"मले काय मालूम," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी पोटभर जेवले."

पल्लवी, तू हे वाचशीलच. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून इथे लिहितोय. तुला चौसष्ट होते. वहीत अजूनही चौसष्टच आहेत. तुझी कोणती हे कळल्यावरही भाऊंनी तो आकडा बदलला नाही.

आणि तरी तुला फोन केला.

नवी बाटली मला फार आवडली. किती मार्क, ते मला सांगता येत नाही गं. सांगणारा माणूस गेला.

भाऊ, तुमची खूप आठवण येते. मनापासून नमस्कार.