तांड्याचा चढ आणि पंचवीसच्या स्पीडची गाडी

चढाच्या मधोमध गाडीनं दम टाकला. मोटरचा आवाज बारीक होत गेला, मग बंदच झाला आणि गाडी मागं सरकायला लागली. हँडलवर राठोडबाई, मागच्या सीटवर त्यांचे मिस्टर प्रल्हादभाऊ. मी मागून पळतच होतो. मागचं कॅरिअर धरलं आणि ओरडलो, "बाई, दोन्ही ब्रेक दाबा!"

बाईंनी दाबले. गाडी थांबली. प्रल्हादभाऊंनी माझ्याकडं वळून पाहिलं.

"हेच दाखवायला आणलं व्हय इथवर?" ते म्हणाले.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. मी हिंगोलीत एका शोरूमवर सेल्स आणि सर्व्हिस दोन्ही बघायचो. त्याआधी बरीच वर्षं मी शेतीपंपाच्या मोटरी भरायचो, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचो. आमच्या शेठनी इलेक्ट्रिक स्कूटरची एजन्सी घेतली तेव्हा त्यांना मोटर कळणारा माणूस पाहिजे होता, म्हणून मला बोलावलं. गाडी शोरूममध्ये खपेना. लोक यायचे, हात लावायचे, "आवाज कसा येत नाही हो?" म्हणायचे आणि निघून जायचे. मग शेठनी ठरवलं, आठवडी बाजारात स्टॉल लावायचा. टेम्पोत दोन गाड्या टाकून आम्ही जवळा बाजार ह्या गावी गेलो.

दुपारी राठोडबाई मिस्टरांबरोबर आल्या. वय पस्तिशीच्या आसपास. डावा पाय लहानपणी पोलिओनं बारीक झालेला, त्याला कॅलिपर, म्हणजे आधाराची लोखंडी पट्टी. जवळच्याच तांड्यावर राहायच्या. आधी तांड्याच्याच शाळेवर शिक्षिका होत्या, आता बदली जवळा बाजारच्या शाळेत. अंतर फार नाही, पण रोज प्रल्हादभाऊंनी जुन्या मोटरसायकलवर आणून सोडायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. पेरणी-काढणीच्या दिवसांत त्यांना शेत सोडून निघता यायचं नाही, बाईंना उशीर व्हायचा. मुख्याध्यापक दोनदा बोलले होते.

"नोकरी सोडते म्हणून राहिली," प्रल्हादभाऊ म्हणाले. "मी म्हणलं, एवढी शिकली ते काहून? पण शेत बी पाहा लागते न."

बाई मध्येच म्हणाल्या, "दादा, मला किक मारता येत नाही. गिअर टाकता येत नाही. ही गाडी मला चालवता येईल का, एवढंच सांगा."

शेठनी मला कोपरानं ढोसलं. "कदम, मोठं मॉडेल दाखवा बाईंना."

मोठं मॉडेल दिसायला देखणं होतं. मोटर जास्त ताकदीची, स्पीडही जास्त. पण त्याला आरटीओचं पासिंग आणि चालवणाऱ्याला लायसन लागायचं. सीट उंच, वजन भरपूर. बाई त्यावर बसल्या तर उजव्या पायाची फक्त बोटं टेकली. बाकीचे लोक थांबताना डावा पाय टेकवतात. बाईंना उजव्यावरच सगळा भार घ्यावा लागणार होता. गाडी जराशी कलली आणि आम्ही दोघांनी धरली म्हणून बरं.

छोटं मॉडेल दिसायला साधंच. पण सीट खाली. दोन्ही ब्रेक हातात, पायाचं काही कामच नाही. स्पीड पंचवीसच्या वर जात नाही, म्हणून लायसन नाही, पासिंग नाही. बाई बसल्या, उजवा पाय सपाट टेकला. बाजाराच्या मागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी एक फेरी मारली. दुसऱ्या फेरीला त्या हसत होत्या.

तिथंच गाडी विकली गेली असती. शेठ पेढ्याचा बॉक्स उघडायच्या बेतात होते. मी विचारलं, "बाई, तांड्यावर जायला रस्ता कसा आहे?"

"सपाटच आहे. शेवटी तेवढा चढ आहे."

"चढ केवढा?"

प्रल्हादभाऊ म्हणाले, "भरली बैलगाडी चढताना माणूस मागून रेटा देते, तेवढा."

मी शेठला म्हटलं, मी जाऊन येतो. शेठ म्हणाले, "बाजाराचा टायम आहे आणि तुम्ही फिरायला चालले?" पण बाई समोर उभ्या होत्या, त्यामुळं त्यांना फार बोलता आलं नाही. बाई स्कूटरवर, मी प्रल्हादभाऊंच्या मोटरसायकलवर मागं, असे आम्ही निघालो. चढाच्या पायथ्याला आल्यावर प्रल्हादभाऊंनी मोटरसायकल उभी केली आणि ते बाईंच्या मागं जाऊन बसले. "एकटीला न्हाई चढू देत. पडली म्हंजे?" मी नको म्हणालो, पण त्यांनी ऐकलं नाही. पुढं जे झालं ते वर सांगितलंच.

आता त्यात गाडीची चूक नव्हती. त्या मोटरची ताकद अडीचशे वॅट. शेतातला पंप तीन हॉर्सपॉवरचा असतो, ही मोटर एका हॉर्सपॉवरच्या तिसऱ्या हिश्शाची. दोन माणसं घेऊन ती तो चढ कशी चढणार?

"भाऊ, तुम्ही उतरा," मी म्हणालो.

"अन् मागं घसरली तर?"

बाईंनी त्यांच्याकडं न बघता गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी म्हटलं. दोनच शब्द असतील. मला कळले नाहीत, पण प्रल्हादभाऊ उतरले.

बाईंनी गाडी परत पायथ्याला नेली. तिथून दाबून निघाल्या. मधल्या टप्प्यावर स्पीड इतका कमी झाला की मी बाजूनं चालत त्यांच्या बरोबरीनं जात होतो. मोटर कण्हत होती. पण चाक फिरत राहिलं. वर हातपंपावर बायका पाणी भरत होत्या, त्या हंडे ठेवून बघायला लागल्या. बाई वर पोहोचल्या, गाडी वळवली आणि उजवा पाय टेकवून उभ्या राहिल्या.

प्रल्हादभाऊ जिथं उतरले तिथंच, माझ्या मागं उभे होते. "गेली की," ते म्हणाले. टोपी काढून तोंड पुसलं.

वर त्यांच्या ओट्यावर चहा झाला. मी मग सगळं सांगूनच टाकलं. डबलसीट हा चढ होणार नाही. कंपनी एका चार्जिंगमध्ये जेवढं अंतर सांगते, त्याच्या निम्मं धरा. तुम्हाला तेवढंही पुरून उरतं. आत इन्व्हर्टरसारख्या चार बॅटऱ्या आहेत, त्या पूर्ण उतरू द्यायच्या नाहीत. आणि जपून वापरल्या तरी दीड-दोन वर्षांत बदलाव्या लागतील. तो खर्च आत्ताच डोक्यात ठेवा.

"आणि लाईट?" बाईंनी विचारलं. "आमच्याकडं लोडशेडिंग किती असतं माहीत आहे न तुम्हाला?"

माहीत होतं. गाडी घेऊन ती उभी ठेवायची वेळ येणार असेल तर काय उपयोग? मग बाई म्हणाल्या, "शाळेच्या शेजारी माझ्या मैत्रिणीचं शिलाईचं दुकान आहे. तिथं शाळेच्या टायमाला लाईट राहते. तिला विचारते. तिचं बिल मी देईन."

परत आलो तर शेठ तापलेले. "तुम्ही गाडी विकायला आले का गाडीचे दोष सांगायला?"

"शेठ, चढ त्यांना आज दिसला. गाडी घेतल्यावर दिसला असता तर त्यांनी ती आणून आपल्या दारात लावली असती."

"घेणार आहेत का पण?"

"विचार करून सांगते म्हणाल्या."

"गेलं गिऱ्हाईक," शेठ म्हणाले आणि पेढ्याचा बॉक्स टेम्पोत ठेवला.

पुढच्याच बाजाराला दोघं आले आणि छोटं मॉडेल घेऊन गेले. चार्जर शिलाईच्या दुकानात राहिला. पहिल्या सर्व्हिसिंगला मी गेलो तेव्हा मैत्रीण म्हणाली, बाई आता शाळा उघडायच्या आधी येऊन माझ्याकडं बसतात. पावसाळ्यात चढावर चिखल झाला की त्या गाडी पायथ्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर लावायच्या आणि प्रल्हादभाऊ त्यांना न्यायला यायचे. बॅटऱ्या दुसऱ्या वर्षी गेल्या. बाई शोरूमला आल्या, नव्या टाकून घेतल्या, तक्रारीचा शब्द नाही. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्या भांडल्या कशा नाहीत?" तोवर जवळा बाजारकडची बरीच गिऱ्हाइकं आमच्याकडं आली होती. त्यातले निम्मे लोक "राठोडबाईंची आहे तशी द्या" म्हणायचे.

एकदा प्रल्हादभाऊ एकटेच भेटले. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही चालवता का कधी?"

"मागतो कवा कवा," ते म्हणाले. "ती म्हणते, लायसन लागत न्हाई, पण माझी परवानगी लागते."

त्यानंतर मी बऱ्याच गाड्या विकल्या. ब्रोशर दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाला घरापर्यंतचा रस्ता विचारायचा, एवढी एक सवय लागली. कंपनी गाडी पळवते कंपनीच्या रस्त्यावर, गिऱ्हाईक राहतं आपल्या रस्त्यावर.