दोन पेले पाणी

माझा मित्र दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत रांगेत उभा होतो. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तो धक्का कसाबसा पचवला. आमच्या वयाची माणसं अशी जातात. दुसरा धक्का तेरवीनंतर बसला, आणि त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

औंढ्यात घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. तांब्याच्या तारेचे वेढे मोजत तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. दारातून कोणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही. तसाच आत आवाज देऊन एवढंच म्हणायचा, "सुमन, पाणी आण." वहिनी दोन पेले घेऊन बाहेर आल्या, की हा वळायचा, हसायचा, बोलायचा. गिऱ्हाइकं चिडवायची, "शेठ, पाणी आल्याबिगर तुमचं तोंड उघडत न्हाई का?" मला तो पाहुणचार वाटायचा. आमच्याकडे आलेल्याला आधी पाणी देतातच.

संध्याकाळी गावातल्या दुकानांचे हिशोब उरकून मी त्याच्याकडे जायचो आणि आम्ही टीव्हीवर सिनेमा पाहायचो. एकात नायक आणि त्याचा जिवलग मित्र हॉटेलात गप्पा मारत होते. दिगंबर म्हणाला, "तो मित्र न्हाईच तिथं."

"काहून? समोर बसून बोलून राहिला की."

"वेटरनं कप किती ठिवले? एकच. त्या बाईनं नमस्कार कोणाला केला? एकालाच. मघाशी दार बी ह्यानंच उघडलं. तू सगळ्या गावाचा हिशोब करतो, अन् कप मोजत न्हाईस."

शेवटी तसंच निघालं. नायकाला स्किझोफ्रेनिया होता. मी हरलो म्हणून तो हसला, मग म्हणाला, "सिनेमावाले माणूस दाखवतेत. खरं तर दिसतं कमी, ऐकू येतं जास्त."

"तुला काय माहीत?"

"वाचलं कुठंतरी..." त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

तेरवीनंतर भेटायला गेलो, तेव्हा वहिनींनी गोळ्यांचा डबा पुढे ठेवला. "हे आता कुठं टाकावं, भावजी?" नांदेडच्या डॉक्टरांच्या त्या गोळ्या. लग्नानंतर लगेचच सुरू झालेल्या, शेवटपर्यंत चाललेल्या.

"कोणी नसताना त्यायला हाका ऐकू यायच्या. गोळ्यांनी कमी झाल्या, पुऱ्या थांबल्या न्हाईत. नुसत्या हाकेला ओ दिली अन् कोणी पाहिलं, तर येडा म्हणतील, दुकान बसंल, ही धास्ती. वळून पाहिलं तरी भरोसा वाटंना. म्हणून मला पाणी आणायला लावायचे. मी आतून डोकावून पाहायची, दारात माणूस असला की दोन पेले आणायची. नसला की एकच. ते गप पिऊन घ्यायचे अन् परत तार गुंडाळायला लागायचे."

म्हणजे इतकी वर्षं माझीही प्रत्येक हाक, पाणी येईपर्यंत, त्याच्यासाठी खोटी असू शकत होती. भिंतीकडे तोंड करून तो वाट पाहत असायचा, मी खराच आलोय का याची. आणि ते पाणी पिऊन मी त्याच्याचकडून सिनेमातल्या खुणा शिकत होतो.

"हे लिहिलं तर चालंल का?" मी विचारलं.

"लिहा. आता कोणतं दुकान बसायचं राहिलंय?"

परवा पुन्हा गेलो. पाय दारात थांबले आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "दिगंबर, हायेस का?" भिंतीजवळचं त्याचं स्टूल तसंच होतं, शेजारी तारेचं अर्धं रीळ. आत भांड्याचा आवाज झाला. वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या.

मी या वेळी नीट पाहिलं. एकच पेला होता, माझ्यापुरता.