गावानं खरवडलेलं तळं

आमच्या गावात जमिनीला आई म्हटल्याशिवाय कुणाचं भाषण सुरू होत नाही. सरपंच म्हणतात, डेअरीचा चेअरमन म्हणतो, निवडणुकीला उभा राहणारा कालचा पोरगाही म्हणतो. मी ग्रामपंचायतीची सदस्य, त्यामुळे मला पहिल्या रांगेत बसून ते ऐकावं लागतं. आधी मी खाली मान घालून ऐकायची. आता बोलणाऱ्याच्या तोंडाकडे सरळ बघते. त्या आईचं यांनी काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझं माहेर औंधकडचं, सासर कवठे महांकाळच्या वरच्या अंगाला, माळावर. आमची वस्ती गावापासून जरा लांब आणि वस्तीच्या डोक्यावर गावतळं. ते कुणी बांधलं कुणाला माहीत नाही, पण ते उन्हाळ्यातही आटत नसे. हिरवट, गढूळ का असेना, पाणी असायचं. त्या पाण्याच्या जिवावर मी दोन म्हशी पाळल्या होत्या. रान मालकांच्या नावावर, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. घर सासऱ्यांच्या नावावर. म्हशी तेवढ्या माझ्या. दुधाचा पगार माझ्या हातात यायचा आणि त्यात कुणी तोंड घालत नसे. तळं आटलं तर म्हशी ठेवता येणार नाहीत, इतकी साधी गोष्ट होती.

तळ्यात दरवर्षी माळावरून माती वाहून येते. तो गाळ. रानात घातला तर पीक चांगलं येतं, त्यात खोटं काही नाही. पण गाळाखाली चिकणमातीचा थर होता, आणि पाणी धरून ठेवायचं काम तो थर करायचा. त्याच्याखाली नुसता मुरूम. हे कळायला कुणी इंजिनिअर लागत नाही. बेंदराला पुजायचे मातीचे बैल करायला आमच्याकडच्या बाया तीच माती आणतात, आणि काठावरूनच आणतात. मध्ये कुदळ घालायची नाही हे आम्हाला नवीन लग्न होऊन आल्या आल्या सांगितलं जातं. बापयेही गाळ काढताना खोऱ्याला माती चिकटायला लागली की थांबायचे. म्हणून 'अडाणी होते बिचारे' असं म्हणून मी गावातल्या कुणालाही सोडणार नाही.

माझी सदस्यकी म्हणजे काय ते सांगते. जागा बाईसाठी राखीव, म्हणून फॉर्म माझा. प्रचार मालकांचा, फ्लेक्सवर फोटो दोघांचा, त्यात मालकांचा मोठा. निवडून आल्यावर मीटिंगला मालक जायचे आणि सही करायला मी. मीही जायला लागले तेव्हा कुणी नको म्हणालं नाही. एक खुर्ची वाढली आणि चहा सांगायचं काम माझ्याकडे आलं.

गाळाचा विषय निघाला तेव्हा ग्रामसभा बोलावली होती. माणसं जमली नाहीत म्हणून ती तहकूब झाली. आमच्याकडे पहिली सभा तहकूब व्हावी म्हणूनच बोलावतात, कारण तहकूब सभेला माणसं कमी असली तरी चालतं. पुढच्या सभेला पारावरचे नेहमीचे आले, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होते ते आले आणि मी. सरपंचांनी सांगितलं की मशीन सरकारी खर्चानं येणार, ज्याला लागेल त्यानं गाळ फुकट न्यावा. मी म्हणाले, न्या, पण चिकण लागली की मशीन थांबलं पाहिजे आणि ते बघायला एक माणूस नेमा. सरपंच माझ्याकडे बघून हसले.

"आवं वैनी, तळं खोल झाल्यावर पाणी वाढंल का कमी हुईल?"

सगळे हसले. मालकही हसले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला, आणि त्या 'सर्वां'त मीही होते.

मशीन आलं. वरचा गाळ पाहता पाहता संपला. मग चिकण लागली आणि कुणीही थांबलं नाही. ओली, काळीभोर, चकाकणारी माती बघून माणसं पिसाळली. सख्खे भाऊ नंबरावरून एकमेकांच्या अंगावर गेले. एकानं तर ट्रॅक्टर आडवा लावून वर झोप काढली, नंबर जाऊ नये म्हणून. हीच माणसं एरवी बांधावरच्या बाभळीची फांदी तोडली तर पंचायतीत येतात. सगळ्यांच्या तळ्याला मात्र मालक नव्हता, त्यामुळे लाजही नव्हती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तळ्यातून आमचा स्वतःचा ट्रेलर वर आला. मी रस्त्यात उभी राहिले. मालकांना म्हणाले, ही गाळाची माती न्हाई, तळाची हाय, तुमाला कळतंय न्हवं? त्यांना कळत होतं. खाली न उतरता त्यांनी उत्तर दिलं.

"आपुन न्हाई नेली तर लोकं नेणारच हायती. मग आपुनच का मागं ऱ्हायाचं?"

एवढं एक वाक्य आमच्या गावाच्या कमानीवर कोरून ठेवलं तरी चालेल. प्रत्येक ट्रेलरवरचा माणूस तेच म्हणत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, आपण तेवढे शहाणे. मी बाजूला झाले. ट्रॅक्टर काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.

पाऊस बरा झाला. तळं काठोकाठ भरलं आणि सरपंचांच्या अंगात आलं. जलपूजन काढलं, तळ्याची साडीचोळीनं ओटी भरली, फोटोला तालुक्याहून माणसं बोलावली. ज्यांनी या आईचं पोट खरवडलं होतं तेच ओटी भरत होते. पूजेचं ताट धरायला महिला सदस्य हवी म्हणून मला पुढे केलं. मी ताट धरलं, कारण फेकून दिलं असतं तर नारळ काठावर पाणी प्यायला आलेल्या म्हशींच्या पायात गेला असता. फोटोत माझं तोंड आंबट आलंय असं मालक म्हणाले.

मग पाणी उतरायला लागलं. आधी कुणी मानेना. ऊन लय हाय, म्हणाले. खालच्या बोअरनी ओढलं, म्हणाले. एकानं तर पूजेचं ताट धरणाऱ्या बाईच्या, म्हणजे माझ्या, सोवळ्याओवळ्यावर बोट ठेवलं. स्वतःच्या ट्रेलरचं नाव कुणी घेतलं नाही. दिवाळीपर्यंत मध्यभागी मुरूम दिसायला लागला आणि संक्रांतीला पोरं तिथं क्रिकेट खेळत होती.

आणि ज्या मातीसाठी हे केलं तिचं काय? पावसात तिचा चिखल झाला, पाऊस उघडल्यावर तिच्या भाकरीएवढ्या खपल्या झाल्या. शाळू उगवला तो कुठे आहे, कुठे नाही. चिकण मातीतून खाली पाणी जात नाही, म्हणून तर ती तळ्यात होती. ती रानात नेऊन पसरली आणि तिच्या जोरावर पीक येईल अशी वाट बघत बसले. पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्या माणसांची ही अक्कल. माझ्या माहेरची शेळ्या राखणारी पोरंसुद्धा याहून बरा विचार करतात.

पुढच्या ग्रामसभेत दोन विषय होते. एक टँकर, दुसरा तळ्याला शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद घालायचा प्रस्ताव. टँकरचं पाणी माणसांना होतं, जनावरांना नव्हतं. मी उभी राहिले आणि ज्यानं ज्यानं चिकण नेली त्यानं ती परत आणून तळ्यात टाकावी, सुरुवात आमच्या रानापासून करा, असं म्हणाले. सभेत सगळे एकमेकांच्या पायांकडे बघायला लागले. तेवढ्यात मालक उठले.

"त्यास्नी म्हणायचंय का कागद लवकर मिळावा."

ग्रामसेवकांनी तेच लिहून घेतलं. "न्हाई, मी असं म्हणले न्हाई," म्हणून मी दोनदा सांगितलं. सरपंचांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं. त्या क्षणी मला सरपंचांपेक्षा आमच्या माणसाची जास्त किळस आली.

कागद अजून यायचाय. मी महिनाभर टँकरच्या पाण्यातलं आमच्या वाट्याचं म्हशींना पाजलं, आंघोळ एक दिवसाआड केली, धुणं खालच्या गावात बहिणीच्या दारात नेलं. दूध आटत गेलं. धाकटी रिकाम्या टोपात तोंड घालून टोप जिभेनं घासत बसायची. शेवटी मीच म्हणाले, विका.

कॅनॉलच्या अंगाचा व्यापारी पिकअप घेऊन आला. एवढ्या गुणाच्या म्हशी का काढता, असं त्यानं विचारलं तेव्हा मालक म्हणाले की दुष्काळ, निसर्गापुढं काय चालतंय. थोरली आपसूक चढली. धाकटी फळीवर पाय द्यायला तयार नव्हती. मालक पुढून ओढत होते, मी मागून लावलेला हात काढला नाही. पिकअप उताराला लागला आणि मालकांनी टॉवेल डोळ्यांना लावला.

मला दया आली नाही. मी गोठ्यात गेले, दावणीखालचं ताजं शेण पाटीत भरलं आणि ती त्यांच्यासमोर ठेवली. "डोळं मग पुसा," मी म्हणाले, "आदी हे रानात टाकून या. आपल्या रानाला खत म्हणून एवढंच मिळायचं, उद्यापासनं ते बी न्हाई."

ते पाटी घेऊन गेले. शेण रानातल्या त्या खपल्यांवरच पडून वाळलं.