धामणे वकील आणि जगाचं कोर्ट

कोर्टात निकाल कमी लागतात आणि किस्से फार साठतात. तारीख पडली की चहा, आणि चहा आला की कुणीतरी सुरू होतंच. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला मी अकोले तालुक्यात धामणे वकिलांचा ज्युनियर होतो. माझे बहुतेक किस्से त्यांचेच.

साहेबांना नाद एकच, हेगच्या कोर्टाचा. देशादेशांच्या भांडणांत तिथं लागलेल्या निकालांची जाडजूड पुस्तकं ते बोटीनं मागवायचे. पक्षकार बांधावरून भांडून आलेला असायचा आणि साहेब त्याला समुद्राची हद्द समजावत बसायचे. माझं डोकं फिरायचं, कारण ती पुस्तकं वाहायला मीच होतो.

* * *

एकदा बकरीच्या दाव्यात साहेबांनी असाच एक निकाल वाचायला घेतला. पाऊण तासानं जज्जसाहेबांनी विचारलं, "वकीलसाहेब, हा माझ्यावर बंधनकारक आहे का?"

"नाही. तो फक्त त्या दोन देशांवर, आणि तोही तेवढ्या भांडणापुरता."

"मग वाचता कशाला?"

"आपलं मन वळावं म्हणून."

"नाही वळलं," जज्जसाहेब म्हणाले आणि जेवायला उठले.

* * *

मग आला सखाराम. पुरात ओढा सरकला, तशी त्याची शेतात जायची वाट ओढ्यापलीकडं, चुलतभाऊ मारुतीच्या बाजूला गेली. मारुतीनं काट्या टाकून ती बंद केली. भाताची रोपं लावणीला आलेली. चिखलणीला बैल आत गेले नाहीत तर वर्षाचा भात बुडाला. सखाराम अगदी रडकुंडीला आला होता.

साहेब मात्र खूश. "नद्या सरकल्याचे निकाल माझ्याकडे ढिगानं आहेत."

"त्ये देश निकाल मानत्यात का?"

"बहुतेक मानतात."

"न्हाई मानला तर?"

"चारचौघांत नाचक्की होते."

सखाराम जरा सावरला. "मंजी आमच्या भावकीवानीच हाय की."

* * *

दाव्याला वर्षं लागली असती, म्हणून साहेबांनी लवाद सुचवला. कबुलीपत्रावर अंगठा उठवण्याआधी मारुतीनं विचारलं, "ह्यो निकाल कुनाकुनावर?"

"तुम्हा दोघांवर. तिसऱ्याचा काही संबंध नाही. जगभर हाच कायदा."

मारुतीनं हे तीनदा वदवून घेतलं. इतकं मन लावून साहेबांचं कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. साहेब दोन दिवस हवेत होते.

* * *

लवाद म्हणून दोघांनी निवृत्त शिक्षक शेख गुरुजींना मानलं. साहेबांनी त्यांना बजावलं, दोन्ही पक्षांना अगदी सारखं वागवायचं. गुरुजी सखारामाकडं दोन भाकरी जेवले आणि तिथून उठून मारुतीकडं दोन भाकरी जेवले.

मारुतीच्या बायकोनं तिसरी वाढली, तसा गुरुजींनी ताटावर हात धरला. "नको गं बाई. ही खाल्ली तर मला परत सखारामाकडं जावं लागंल."

* * *

निकाल लागला, वाट सखारामाची. मारुतीनं स्वतःच्या हातानं काट्या उचलल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मला घेऊन आपला विजय बघायला गेले.

सखारामाकडं बैल एकच. तिकडं एकेका बैलाची माणसं सावड करतात, दोघांचे दोन बैल मिळून औत होतं. सखारामाचा जोडीदार नामदेव. जोडी वाटेवर आली आणि मारुती आडवा उभा राहिला.

"सखाराम जाऊ दे. त्याचा बैल जाऊ दे. नामदेवाचा बैल कसा जाईल? नामदेव कुठं हुता लवादात?"

सगळे साहेबांकडं बघायला लागले. साहेबांनी माझ्याकडून पुस्तक घेतलं, छत्रीखाली पानं उलटली आणि मिटलं. "मारुतीचं बरोबर आहे."

त्या क्षणी ते पुस्तक त्यांच्या डोक्यात घालावंसं वाटलं. सखाराम तिथंच बांधावर मटकन बसला.

मारुतीनं त्याला चांगला घटकाभर बसू दिलं. मग गोठ्यात गेला आणि आपला बैल सोडून घेऊन आला. नामदेवाचा बैल जुवातून काढला, त्या जागी आपला जुंपला आणि कासरा सखारामाच्या हातात दिला.

"ऊठ. ह्याचा मालक हुता लवादात."